समुद्रापलीकडचे शिखरजी

शिकागोच्या १८९३ सालच्या सर्वधर्म परिषदेचे नाव निघाले की आपल्याला स्वामी विवेकानंद आठवतात. त्याच परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी या जैन साधूंनाही आले होते. ते गेले नाहीत. जैन साधूने वाहनात बसायचे नसते आणि शिकागोला पायी जाता येत नाही, एवढे साधे ते कारण होते. आत्मारामजींनी मुंबईच्या जैन असोसिएशनचे चिटणीस वीरचंद राघवजी गांधी या २९ वर्षांच्या गृहस्थाला काही महिने जवळ बसवून तयार केले आणि आपल्या जागी धाडले. महुव्याच्या या तरुणाने तिथे जैन धर्माची बाजू उत्तम मांडली. परत आल्यावर मात्र समुद्र ओलांडला म्हणून त्याला संघाबाहेर काढा, अशी मागणी झाली. १९०१ साली, वयाची ३७ वर्षे पूर्ण होण्याआधीच, वीरचंद मुंबईत वारले.

शिकागोच्या परिषदेनंतर ९० वर्षांनी, १९८३ साली, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ब्लेअर्सटाउन या गावाजवळच्या झाडीच्या टेकडीवर ‘सिद्धाचलम’ या नावाने जैन तीर्थ स्थापन झाले. भारताबाहेरचे पहिले जैन तीर्थ म्हणून आज ते ओळखले जाते. ते स्थापन करणारे आचार्य सुशीलकुमार हे दीक्षित मुनी होते आणि ते विमानाने अमेरिकेत आले होते. आत्मारामजींनी जी मर्यादा पाळली, ती सुशीलकुमारांनी मोडली. या दोन घटनांच्या मधल्या काळात जैन समाजाला एकाच प्रश्नाशी झगडावे लागले. धर्माच्या मायभूमीबाहेर देऊळ बांधता येते, ग्रंथ नेता येतात, पण तीर्थ नेता येते का? आणि न्यायचे तर कोणत्या किमतीवर? या लेखात त्या झगड्याचा माग घ्यायचा आहे.

तीर्थ म्हणजे नेमके काय?

मराठी माणसाला तीर्थ म्हटले की पंढरपूर, त्र्यंबकेश्वर अशी जागा डोळ्यांपुढे येते. मूळ अर्थ नदीचा उतार, पार जाण्याची जागा. जैन परंपरेने हा शब्द अधिक नेमका केला. तिथे तीर्थ म्हणजे आधी माणसे, मग जागा. साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका या चौघांचा मिळून जो चतुर्विध संघ होतो, तेच तीर्थ. असा संघ स्थापन करतो तो तीर्थंकर. संसार ओलांडायचा तर हा संघच उतार आहे, अशी ती कल्पना.

जागेच्या अर्थाने तीर्थ येते ते त्यानंतर. तीर्थंकर किंवा मुनी जिथून मोक्षाला गेले ते सिद्धक्षेत्र. आपल्याकडची कुंथलगिरी, गजपंथा आणि मांगीतुंगी ही त्यातली. एखाद्या मूर्तीच्या चमत्काराने प्रसिद्धीला आलेले ते अतिशयक्षेत्र. दोन्ही प्रकारांत त्या मातीवर पूर्वी काहीतरी घडलेले असावे लागते.

हे दोन्ही अर्थ लक्षात घेतले की परदेशातल्या जैनांची अडचण समजते. न्यू जर्सीच्या मातीतून कोणी तीर्थंकर मोक्षाला गेल्याची परंपरा नाही. म्हणजे क्षेत्र नाही. आणि साधू-साध्वी समुद्र ओलांडत नाहीत, म्हणजे संघही अर्धाच. मग उरले काय? फक्त श्रावक आणि श्राविका.

पायी चालण्यामागचा विचार

सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना मुनींचा विहार नवा नाही. पहाटे रस्त्याच्या कडेने चालणारे साधू, हातात पिंछी आणि कमंडलू, मागे-पुढे गावकरी. श्वेतांबर साधूंच्या हाती ओघा असतो. पाहणाऱ्याला हे निव्वळ कष्ट वाटतात. त्यामागे मात्र बारीक विचार आहे. जैन मताप्रमाणे पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांतही जीव आहेत. वाहन चालते ते अग्नीच्या बळावर, आणि वेगामुळे वाटेतले जीव पाहून टाळण्याची सोय राहत नाही. चार हात पुढची जमीन पाहून चालणे, हिला ईर्यासमिती म्हणतात. साधूचे चालणे हाच त्याच्या अहिंसेचा रोजचा पुरावा असतो. पावसाळ्यात जीवजंतू वाढतात म्हणून चार महिने एका गावी मुक्काम, तो चातुर्मास.

यात एक व्यावहारिक गोष्टही गुंतलेली आहे. साधू स्वतः शिजवत नाही आणि त्याच्यासाठी मुद्दाम शिजवलेले घेत नाही. श्वेतांबर साधू घरोघर जाऊन थोडे थोडे गोळा करतो, ती गोचरी. दिगंबर मुनी श्रावकाच्या दारी उभे राहून ओंजळीत आहार घेतात. तेव्हा वाटेवर नियम जाणणारी, कांदा-लसूण आणि कंदमुळे वर्ज्य करणारी घरे हवीत. जिथे अशी घरे नाहीत तिथे साधू पोचू शकत नाही आणि जिथे साधू पोचत नाही तिथे अशी घरे टिकणे कठीण, असे हे चक्र आहे. भारतातही जैन धर्माचा भूगोल बराचसा या चक्राने आखला गेला. समुद्रापार तर ते सुरूच होऊ शकत नव्हते.

साधूंशिवायचा संघ

तरी माणसे गेलीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जामनगरच्या आसपासच्या हालार भागातले ओसवाल शेतकरी दुष्काळाला कंटाळून पूर्व आफ्रिकेत उतरू लागले. आधी दुकानांत नोकरी, मग स्वतःचे दुकान, मग भावाला बोलावणे, हा आपल्याला परिचित असलेलाच क्रम. मोंबासा आणि नैरोबीत वस्ती वाढली. मोंबासाला १९६३ साली शिखर असलेले संगमरवरी पार्श्वनाथ मंदिर उभे राहिले. भारताबाहेरचे पहिले शिखरबंद जैन मंदिर म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्याच वर्षी डिसेंबरात केनिया स्वतंत्र झाला, आणि पुढच्या काही वर्षांत अनेक कुटुंबांना पुन्हा बोचकी बांधून इंग्लंड गाठावे लागले.

इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात या मंडळींनी १९७९ साली ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची एक जुनी इमारत विकत घेतली. १९८८ साली तिथे प्रतिष्ठा झाली. या इमारतीत श्वेतांबर देरासर आहे, दिगंबर मंदिर आहे आणि मूर्तिपूजा न मानणाऱ्या स्थानकवासींचा उपाश्रयही आहे. हे तिन्ही एका छपराखाली पाहण्याची सवय भारतातल्या जैनांनाही नाही.

अमेरिकेत १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक अशा सुशिक्षित जैनांना दार उघडले. सुरुवातीची पूजा कोणाच्या तरी दिवाणखान्यात, पर्युषण भाड्याच्या सभागृहात. १९८१ साली तिथल्या जैन केंद्रांचा ‘जैना’ हा महासंघ स्थापन झाला.

ही मंडळी देवळे बांधू शकली, कारण त्यासाठी लागणारे सारे गृहस्थाला मिळवता येते. पैसा, दगड, कारागीर, मूर्ती हे सगळे जहाजातून जाते. पण मुलांच्या प्रश्नांना उत्तर कोण देणार? ‘बटाटा का खायचा नाही’ असे शाळेतून आलेल्या मुलाने विचारले तर ‘महाराज सांगतात म्हणून’ हे भारतातले उत्तर तिथे चालत नाही, कारण महाराजच दिसत नाहीत. ज्याचे नुसते जगणे पाहून मूल काही शिकेल, असा माणूस परदेशातल्या संघात नव्हता.

चार वाटा

ही उणीव भरून काढण्याचे चार निरनिराळे प्रयत्न १९७० नंतरच्या काळात झाले.

पहिला मुनी चंद्रप्रभसागर ऊर्फ चित्रभानू यांचा. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेतले हे साधू मुंबईत अतिशय लोकप्रिय होते. ‘मैत्रीभावनुं पवित्र झरणुं’ हे गुजराती घराघरांत गायले जाणारे पद त्यांचेच. सुमारे २८ वर्षे अनवाणी विहार केल्यावर १९७० साली एका आध्यात्मिक परिषदेसाठी ते विमानाने जिनिव्हाला गेले. मुंबईत त्याला कडवा विरोध झाला. पुढे ते अमेरिकेला गेले आणि त्यांनी मुनिवेश सोडला, विवाह केला आणि न्यूयॉर्कमध्ये ध्यानकेंद्र काढून शिकवत राहिले. नियम मोडून साधू म्हणवून घेण्यापेक्षा त्यांनी साधुपणच खाली ठेवले.

दुसरा सुशीलकुमारांचा. १९२६ साली आजच्या हरियाणात जन्मलेल्या सुशीलकुमारांनी १९४२ साली स्थानकवासी परंपरेत दीक्षा घेतली होती. १९५७ साली दिल्लीत भरलेल्या विश्वधर्म संमेलनामागे तेच होते. १९७५ साली ते विमानाने परदेशी गेले. त्यांच्यावरही टीका झाली, पण त्यांनी मुनिवेश उतरवला नाही. तोंडावर मुहपत्ती आणि अंगावर पांढरी वस्त्रे ठेवूनच ते अमेरिकेत वावरले. अहिंसेचा विचार जगभर पोचवणे ही काळाची गरज आहे आणि त्यासाठी प्रवासाचा नियम बाजूला ठेवावा लागेल, अशी त्यांची भूमिका होती.

तिसरा आचार्य तुलसींचा. तेरापंथाच्या या आचार्यांनी १९८० साली गृहस्थ आणि साधू यांच्या मधली ‘समण’ ही नवी श्रेणी निर्माण केली. सुरुवातीला सहा बहिणींना समणी-दीक्षा देण्यात आली. ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही व्रते त्यांना आहेतच, पण वाहन वापरण्याची आणि त्यांच्यासाठी तयार केलेले अन्न घेण्याची मुभा आहे. म्हणजे मूळ साधूंचा नियम जसाच्या तसा राहिला आणि परदेशी जाणारी माणसेही मिळाली. आज अमेरिकेत ह्यूस्टन, न्यू जर्सी आदी ठिकाणच्या केंद्रांत समणी शिकवताना दिसतात.

चौथ्या वाटेवर महाराष्ट्राची लेक आहे. पुणे जिल्ह्यातल्या चासकमानला १९३७ साली जन्मलेल्या साध्वी चंदना यांनी गुरू अमरमुनींच्या प्रेरणेने बिहारात राजगीर येथे वीरायतन ही संस्था उभी केली. तिथल्या साध्वी वाहनाने प्रवास करतात, दवाखाने आणि शाळा चालवतात. १९८७ साली चंदनाजींना आचार्यपद देण्यात आले. जैन परंपरेत हे पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. सेवेला त्यांनी साधुत्वाइतकेच मोल दिले आणि प्रवासाचा प्रश्न त्या ओघात सोडवला.

या चौघांपैकी जागेच्या अर्थाने तीर्थ स्थापन केले ते सुशीलकुमारांनी. आणि इथे एक विलक्षण गोष्ट आहे. स्थानकवासी परंपरा मुळात मूर्ती आणि मंदिर मानत नाही. पंधराव्या शतकात अहमदाबादच्या लोंकाशाहने मूर्तिपूजेला आगमांत आधार नाही असे म्हटले, त्या विचारधारेतून ही शाखा पुढे आली. तिथे पूजास्थान असते ते ‘स्थानक’, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची आणि सामायिक करण्याची मोकळी जागा. अशा परंपरेतल्या मुनीने समुद्रापार जाऊन मूर्तींची प्रतिष्ठा असलेले तीर्थ उभे केले. त्याला नाव दिले तेही मूर्तिपूजकांच्या परमतीर्थाचे. पालिताण्याच्या शत्रुंजय पर्वताचे एक नाव सिद्धाचल आहे. सुशीलकुमारांनी वाहनाबरोबर ही दुसरी रेषाही ओलांडली. माझ्या मते ही दुसरी रेषा अधिक खोल होती, पण तिची चर्चा कमी झाली. समोरचा श्रावक कोणत्या घरातून आला आहे हे अमेरिकेत विचारून चालणार नव्हते, हे त्यांनी ओळखले असावे. एवढ्याशा समाजात कच्छी, गुजराती, मारवाडी, दिगंबर, श्वेतांबर यांच्या वेगवेगळ्या चुली मांडल्या असत्या तर एकही पेटली नसती.

डोंगराची प्रतिकृती

सुशीलकुमार १९९४ साली दिल्लीत निवर्तले. त्यानंतर सिद्धाचलमला एक मोठे काम झाले. सुमारे १२० एकरांच्या त्या चढउताराच्या जागेवर सम्मेदशिखराची प्रतिकृती उभारण्यात आली आणि २०१२ साली ती खुली झाली.

झारखंडातल्या गिरिडीह जिल्ह्यातला सम्मेदशिखर, म्हणजे पारसनाथचा डोंगर, हा जैनांचा सर्वांत पूज्य पर्वत. चोवीसपैकी वीस तीर्थंकर इथून मोक्षाला गेले असे मानतात. उरलेले चार म्हणजे अष्टापदावर ऋषभदेव, चंपापुरीला वासुपूज्य, गिरनारवर नेमिनाथ आणि पावापुरीला महावीर. शिखरजीची वंदना सुमारे २७ किलोमीटरची. मध्यरात्रीनंतर पायथ्याच्या मधुबनातून निघायचे, एकेका टोकावरच्या देवळीशी थांबायचे, उतरेपर्यंत दुपार होते. या देवळ्यांना ‘टोंक’ म्हणतात आणि त्यांत प्रामुख्याने असतात ती तीर्थंकरांची चरणचिन्हे.

अशी प्रतिकृती म्हणजे अमेरिकी हौस, असे कोणाला वाटेल. पण तिच्यामागे जुनी परंपरा आहे. तेराव्या शतकात वस्तुपाल मंत्र्याने गिरनारवर तीन गाभाऱ्यांचे मंदिर बांधले, त्यातल्या बाजूच्या दोन भागांत सुमेरू आणि सम्मेतशिखर यांच्या रचना आहेत. गुजरातच्या यात्रेकरूला मगधापर्यंत पोचणे अवघड, म्हणून मगधाचा डोंगर गुजरातेत आणला. फार दूर कशाला, आपल्या कुंभोज-बाहुबलीला १९६३ साली उभारलेल्या बाहुबलींच्या २८ फुटी मूर्तीच्या परिसरात सम्मेदशिखर, गिरनार, पावापुरी अशा तीर्थांच्या प्रतिकृती आहेत. दक्षिण महाराष्ट्रातल्या कित्येक शेतकरी जैन कुटुंबांना शिखरजीचे पहिले दर्शन तिथेच घडले असेल.

याला शास्त्राचा आधारही आहे. जैन तत्त्वज्ञानात कोणतीही गोष्ट चार प्रकारांनी समजून घेतात, त्याला निक्षेप म्हणतात: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. मूर्ती म्हणजे स्थापना-निक्षेप. दगडाची मूर्ती म्हणजे प्रत्यक्ष पार्श्वनाथ नव्हेत हे पूजकाला ठाऊक असते, तरी तिच्या ठायी तो पार्श्वनाथांची स्थापना करतो. तर्क असा की दगड जर पार्श्वनाथ होऊ शकतो, तर न्यू जर्सीतली टेकडी शिखरजी का होऊ नये? तेव्हा क्षेत्राची अडचण शास्त्रातूनच सुटत होती. सुटत नव्हती ती साधूची, कारण साधूची प्रतिकृती करता येत नाही. त्याचे व्रत कोणीतरी प्रत्यक्ष जगावे लागते.

काय मिळाले, काय सुटले

शिखरजीचा मूळ डोंगर शांत नाही. त्याच्या मालकीवरून आणि पूजेच्या हक्कांवरून श्वेतांबर आणि दिगंबर इंग्रजी अमदानीपासून न्यायालयांत भांडत आले, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. त्याच डोंगराला संथाळ आदिवासी मरांग बुरू म्हणून पूजतात आणि त्यांचा हक्क जैनांहून कमी जुना आहे असे कोणी म्हणू नये. २०२३च्या जानेवारीत तिथल्या पर्यटनाविरुद्ध जैनांनी देशभर आंदोलन केले आणि केंद्राने पर्यटनाच्या योजनांना स्थगिती दिली, हे वाचकांना आठवत असेल. आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर तर याच दोन पंथांच्या वादात चार दशके कुलूपबंद होते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडले.

सिद्धाचलमच्या शिखरजीवर यातले काही नाही. दोन्ही पंथांचे लोक तिथे एकाच वाटेने टेकडी चढतात. हे मोठे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्याबरोबर हेही पाहायला हवे की प्रतिकृतीत वाद उतरत नाहीत, कारण इतिहासही उतरत नाही. मूळ डोंगराची पायवाट झिजली आहे ती शेकडो वर्षे चालून आलेल्या संघांनी, वाटेत थांबलेल्या साधूंनी, डोलीवाल्यांनी आणि भांडणाऱ्यांनीही. न्यू जर्सीची वाट मोटार खाली लावून चढायची आहे. ती झिजायला वेळ लागेल.

आत्मारामजी बरोबर की सुशीलकुमार, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. मला वाटते, दोघांनी एकाच वस्तूची किंमत ओळखली होती. आत्मारामजींनी व्रत राखले आणि संघ समुद्राच्या अलीकडे ठेवला. सुशीलकुमारांनी संघ पलीकडे नेला आणि व्रत मोडल्याचा दोष आयुष्यभर अंगावर घेतला. नियम फुकट मोडला असता तर समाजाने त्याची एवढी चर्चा केली नसती. ज्या धर्मात नियम मोडल्याचे कोणाला काहीच वाटत नाही, तिथे नियम आधीच मेलेला असतो.

खरी कसोटी पुढे आहे. अमेरिकेत वाढलेल्या जैन मुलामुलींपैकी कोणी तिथेच दीक्षा घेऊन, तिथल्याच रस्त्यांवरून, बर्फातून आणि महामार्गांच्या कडेने अनवाणी विहार करील का? गोचरीसाठी दार ठोठावल्यावर उघडणारी घरे त्या वाटेवर असतील का? तसे झाले तर तिथला संघ चतुर्विध होईल आणि तीर्थ हा शब्द त्याच्या पहिल्या अर्थाने तिथे लागू होईल. तोवर समणी, वीरायतनच्या साध्वी आणि शिकवणारे गृहस्थ तो उतार सांभाळत आहेत.

वीरचंद गांधींची एक हकिगत सांगून थांबतो. शिकागोला जाण्याआधी त्यांनी शिखरजीसाठी एक लढा दिला होता. पारसनाथच्या डोंगरावर एका युरोपियनाने डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना सुरू केला होता. वीरचंद कलकत्त्याला जाऊन राहिले, जुने दस्तऐवज वाचता यावेत म्हणून बंगाली शिकले, आणि कज्जा जिंकून त्यांनी तो कारखाना बंद पाडला. ज्या गृहस्थाने शिखरजी वाचवले, त्यालाच अमेरिकेला गेल्याबद्दल संघाबाहेर काढायला लोक निघाले होते. आज त्याच अमेरिकेत शिखरजीच्या टोंका उभ्या आहेत आणि रविवारी तिथे मुले आजीचा हात धरून चढतात. वीरचंदांचे नाव त्यांतल्या किती मुलांना ठाऊक असेल, हा प्रश्न इकडच्या मुलांबद्दलही विचारता येईल.